अलेक्झांड्रियाची राख आणि ‘हजार वर्षांचा अंधार’: तारखा जुळत नाहीत

एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. ग्रीक-रोमन जग अनेक देव मानणारे, म्हणून मोकळे आणि ज्ञानी होते. मग ख्रिस्ती एकेश्वरवाद आला. त्याने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय जाळले, तिथल्या हायपेशिया या गणित आणि तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या विदुषीला मारले, ग्रीक विद्या पुसून टाकली, पृथ्वी सपाट ठरवली, गॅलिलिओला डांबले आणि युरोपची हजार वर्षे वाया घालवली. यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

आधी ग्रंथालय. इजिप्तचा राजा आठवा टॉलेमी याने ई.स.पू. 145 च्या सुमारास तिथल्या विद्वानांना हाकलले. ई.स.पू. 48 मध्ये सीझरच्या सैन्याने बंदरात लावलेली आग पसरून पुस्तके जळाली. सम्राट ऑरेलियनच्या काळातल्या लढाईत, इ.स. 272 च्या सुमारास, राजवाड्याचा परिसर उद्ध्वस्त झाला. हे तिघेही अनेक देव मानणारेच. ख्रिस्ती जमावाने 391 च्या सुमारास सेरापिस देवाचे मंदिर, जिथे एके काळी ग्रंथालयाची शाखा होती, ते पाडले, हे खरे आहे आणि निंद्य आहे. पण त्या विध्वंसाच्या जुन्या वर्णनांत पुस्तके जाळल्याचा उल्लेख नाही.

हायपेशियाचा खून 415 मध्ये ख्रिस्ती जमावानेच केला. त्यात सारवासारव करण्यासारखे काही नाही. मात्र तो भौतिकशास्त्र विरुद्ध धर्म असा झगडा नव्हता. बिशप सिरिल आणि प्रांताधिकारी ओरेस्टिस यांच्या सत्तासंघर्षात ती ओरेस्टिसच्या बाजूची मानली गेली, आणि ओरेस्टिस स्वतः ख्रिस्ती होता. तिचा शिष्य सिनेसियस पुढे बिशप झाला. अलेक्झांड्रियातले अध्यापनही थांबले नाही. सहाव्या शतकात तिथल्याच फिलोपोनस या ख्रिस्ती विद्वानाने ॲरिस्टॉटलला खोडून काढत लिहिले, की जड आणि हलके वजन एकाच उंचीवरून सोडले तर पडण्याच्या वेळेत फारच थोडा फरक दिसतो.

‘ग्रीक विद्या पुसली’ हा दावा सगळ्यांत जास्त पसरलेला, आणि पोथ्या कशा टिकतात हे माहीत नसल्याने पटणारा. प्राचीन पुस्तक म्हणजे पपायरसची गुंडाळी. इजिप्तच्या कोरड्या वाळूत ती शतकानुशतके राहते, युरोपच्या दमट हवेत कुजते. पुस्तक नाहीसे व्हायला आग लागत नाही. दोन-तीन पिढ्या कोणी नक्कल केली नाही, की पुरे. नक्कल करायची तर कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, केस खरवडायचे, चौकटीवर ताणून वाळवायचे, मग हाताने लिहायचे. पश्चिम युरोपात हा खर्च आणि ही मेहनत मुख्यतः मठांनीच उचलली. रोमन कवी ल्युक्रेशियसचे काव्य सांगते, की देवांना जगाशी काही देणेघेणे नाही आणि आत्मा देहाबरोबर मरतो. त्याच्या आज असलेल्या दोन सर्वांत जुन्या पूर्ण प्रती नवव्या शतकातल्या, ख्रिस्ती लेखनिकांच्या हातच्या आहेत.

दुसरी बाजूही इथेच दिसते. आर्किमिडीजच्या ग्रंथांची प्रत दहाव्या शतकात पूर्व रोमन साम्राज्याच्या ख्रिस्ती राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, लिहिली गेली. ख्रिस्ती हातांनीच 1229 मध्ये तिची शाई खरवडली, पाने मधोमध कापून आडवी फिरवली आणि त्यांवर प्रार्थना लिहिल्या. कारण द्वेष नव्हे, चर्मपत्राची टंचाई. डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी खालची अक्षरे 1906 मध्ये ओळखली. त्यानंतर विसाव्या शतकातच बुरशीने आणि किंमत वाढवण्यासाठी पानांवर काढलेल्या बनावट चित्रांनी तिची मोठी हानी केली. ती चित्रे ज्या मजकुरावर बसली होती, तो शाईतल्या लोहाचा क्ष-किरणांनी माग काढून वाचावा लागला.

आता ‘अंधार’. दोष धर्माचा असता तर कॉन्स्टँटिनोपल आधी बुडायला हवे होते, कारण तिथे सम्राट आणि चर्च यांची पकड जास्त घट्ट होती. ते 1453 पर्यंत टिकले आणि तिथे होमर, युक्लिड वाचले जात राहिले. पश्चिम रोमन साम्राज्याची घडी मोडली ती सैन्य आणि महसूल कोसळल्याने. व्हँडल या जर्मानिक टोळीने 439 मध्ये उत्तर आफ्रिकेतले कार्थेज घेतले, तेव्हा पश्चिम साम्राज्याने आपला सर्वांत सधन, धान्य पुरवणारा प्रांत गमावला. मात्र उलट टोकाचा दावा, की एकेश्वरवादानेच विज्ञान जन्माला घातले, तोही कॉन्स्टँटिनोपलवरच आपटतो. तोच धर्म, तीच ग्रीक पुस्तके हाताशी, तरी वैज्ञानिक क्रांती तिथे झाली नाही.

सपाट पृथ्वीचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. इंग्लंडमधल्या बीड या मठवासी लेखकाने 725 मध्ये पृथ्वी चेंडूसारखी गोल असल्याचे लिहिले. तेराव्या शतकापासून विद्यापीठांत खगोलाचे जे पाठ्यपुस्तक शिकवले गेले, त्याचे नावच ‘गोल’ या अर्थाचे होते.

राहिला गॅलिलिओ. त्याची 1633 ची शिक्षा हा उघड अन्याय होता, आणि 1642 मध्ये तो मेला तेव्हाही नजरकैदेतच होता. पण चर्चला आकाश मोजणे टाळता येत नव्हते, कारण ईस्टर वसंतसंपात (वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) आणि पौर्णिमेवरून ठरतो. तेव्हाच्या ज्युलियन पंचांगाचे वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटे मोठे असल्याने पंचांग दर 128 वर्षांना एक दिवस सरकत होते. म्हणूनच 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आला. पोपच्याच राज्यातल्या बोलोन्यात, सान पेत्रोनिओ चर्चमध्ये, खगोलज्ञ कॅसिनीने 1655 मध्ये सुमारे 27 मीटर उंचीवर छताला छिद्र ठेवले आणि जमिनीवर सुमारे 67 मीटरची उत्तर-दक्षिण रेषा आखली. माध्यान्हीचा कवडसा तिच्यावर पडे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कवडशाचा आकार किती बदलतो, यावरून त्याने सूर्याच्या अंतरातला फरक काढला. पृथ्वी केंद्रस्थानी मानणाऱ्या प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या (वरच्या राजाच्या नव्हे) मांडणीनुसार तो फरक जवळजवळ दुप्पट यायला हवा होता. मोजमाप ग्रह लंबवर्तुळात फिरतात असे सांगणाऱ्या केप्लरच्या बाजूने पडले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणारी कोपर्निकस आणि गॅलिलिओची पुस्तके चर्चच्या बंदीच्या यादीतून मात्र 1835 मध्ये निघाली.