गाडी आमची, धक्का सर्वांचा

आमच्या गाडीचं वजन हजार किलोच्या आतबाहेर आहे. उन्हाळ्यात याची कोणी चौकशी करत नाही. आम्ही कॅनडातल्या माँट्रियलच्या प्लातो भागात राहतो. इथे घरांचे जिने घराबाहेर आणि गाड्या रस्त्यावर. दोन धिप्पाड गाड्यांमध्ये उरलेल्या फटीत आमची गाडी शिरते, तेव्हा लोक कौतुकाने बघतात. डिसेंबर लागला की मात्र तिच्या वजनात सगळ्यांनाच रस निर्माण होतो.

सुरुवात माहेरून होते.

"अगं, डिकीत गव्हाचं पोतं ठेव. गाडी जमीन धरून राहील," आई फोनवर सांगते.

"आई, आमच्या गाडीची पुढची चाकं ओढतात. इंजिनाचं ओझं आधीच त्यांच्यावर आहे. मागे पोतं ठेवलं तर पुढची बाजू उलट हलकी होते. मग स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते."

"मग पोतं पुढे ठेव."

"पुढे हा बसतो."

"तेच म्हणतेय मी."

पुण्यातला भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं, घर्षण वजनाच्या प्रमाणात मिळतं आणि गाडी थांबवायला बळही वजनाच्याच प्रमाणात लागतं. "मावशी, एम, म्हणजे वस्तुमान, दोन्हीकडून कटतो! हलकी काय नि जड काय, बर्फावर सगळ्या सारख्याच." पोरगा चुकीचं बोलत नाही. शिवाय आमचे टायर अरुंद, ते ताजा बर्फ कापत खाली रस्त्यापर्यंत पोचतात. रुंद टायर वरच तरंगत बसतात. आमच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. साध्या टायरचं रबर ७ अंशांखाली कडक व्हायला लागतं, यांचं मऊ राहतं. त्यामुळे साफ केलेल्या रस्त्यावर आमची गाडी अगदी अब्रूने चालते.

पण एम कटला तरी पोट राहतंच. गाडीचं पोट आणि जमीन यांत वीतभरही अंतर नाही. रात्री बर्फ सारणारं यंत्र येतं आणि मधला सगळा बर्फ कडेच्या गाड्यांना आणून चिकटवतं. सकाळपर्यंत त्याचा दगडी बांध होतो. आपण गाडी काढायला जावं, तर ती त्या बांधावर पोट टेकून बसते आणि पुढची चाकं हवेत गरगर फिरतात. मोठ्या गाड्या शेजारून तो बांध तुडवत निघून जातात. त्यांच्याकडे बघू नये.

अशा वेळी माणसं कुठून उगवतात कळत नाही. मी आत बसून पहिला गिअर, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स अशी गाडी झुलवत असते. नवरा मागे जोर लावत असतो. तेवढ्यात कोणी न विचारता पिशव्या खाली ठेवतं आणि धक्क्याला येतं. मग कुत्रा फिरवणारा येतो, कुत्राही येतो. कोणी ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की इंजिनाचा जोर आपोआप कमी करणारी सोय) बंद करायला सांगतं, कोणी पायाखालची मॅट ओढून चाकाखाली सरकवतं. हा उपाय खरंच चालतो, फक्त मॅट कुठे जाईल ते चाक ठरवतं. आमच्याकडे ती बहुधा नवऱ्याच्या नडगीवर जाते. एकदा तर चौघांनी गाडीची मागची बाजू उचलून सरळ रस्त्याकडे वळवली. माझा पाय ब्रेकवर होता. त्यांना त्याने काही फरक पडला नाही.

एसयूव्हीला असा हात कोणी लावत नाही. तिथे लोक आधी मालकाला विचारतात. आमच्या गाडीच्या बाबतीत मालक कोण, हा प्रश्नच कोणाला पडत नाही.

महापालिकेलाही नाही. इथे बर्फ नुसता सारून भागत नाही, तो ट्रकमध्ये भरून रस्त्यावरून हलवावा लागतो. त्यासाठी पार्किंगबंदीच्या केशरी पाट्या लावल्या जातात. सांगितलेल्या वेळेत गाडी हलवली नाही, तर आधी भोंगा वाजतो आणि मग टोइंगवाला ती उचलून जवळच्या एखाद्या साफ गल्लीत ठेवून जातो. दंडाची पावती वेगळी. पण बर्फाखाली कोणती गाडी आहे, हे यंत्रणेलाही नेहमी कळतं असं नाही. जानेवारी २०१८ मध्ये याच शहरात एका गृहस्थाने रस्त्याच्या कडेला हुबेहूब बर्फाची गाडी केली होती. चुकीच्या जागी गाडी उभी आहे म्हणून पोलीस हटकायला गेले आणि हसत परतले. त्यांनी पावतीच्या कागदावर शाबासकी लिहून ठेवली. आमच्या खऱ्या गाडीला असं प्रेम मिळालेलं नाही.

नाही म्हणायला, गेल्या फेब्रुवारीत एकदा मिळालं. रात्रभर पडून बर्फ थांबला होता. खिडकीतून पाहते तर खाली एक माणूस फावडं घेऊन आमची गाडी मोकळी करतोय. टप साफ, काचा साफ, पुढची चाकं साफ. त्याची स्वतःची तसलीच पांढरी गाडी पलीकडच्या ढिगाखाली होती. क्युबेकमध्ये नंबरप्लेट फक्त मागे असते आणि त्याने सुरुवात पुढून केली होती.

"सांगूया का त्याला?" मी विचारलं.

"चहा गरम आहे तोवर नको," नवरा म्हणाला.

त्याने बांधसुद्धा फोडला. मग तो मागे गेला, प्लेटवरचा बर्फ झटकला आणि थोडा वेळ तसाच उभा राहिला. इथे शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावाने देतात; त्याने अख्खी पूजा मांडली. आम्ही पडद्याआड सरकलो.

त्याला वर बोलावून चहा तरी द्यायला हवा होता, असं आता वाटतं. पण मग आपण केव्हापासून बघत होतो, ते सांगावं लागलं असतं.