टेलिसेंटरच्या नेटवर्कने परिषदा कमी घ्याव्यात, सुटे भाग जास्त सांभाळावेत

सामुदायिक टेलिसेंटर, म्हणजे लोकांना संगणक, इंटरनेट, प्रिंटर वापरायला देणारं गावातलं केंद्र, कशामुळे बंद पडतं? लोक येत नाहीत म्हणून, असं अहवालात लिहिलेलं असतं. माझ्या मते क्रम उलटा आहे. आधी प्रिंटर अडतो, मग बॅटरी बसते, मग केंद्रचालक दुसरं काम धरतो आणि त्याच्या जागी आलेल्याला राउटरचा पासवर्डही कोणी सांगितलेला नसतो. दोन-तीन वेळा रिकाम्या हाताने परत गेल्यावर लोक येणं थांबवतात. यातली एकही अडचण अवघड नाही. एकट्या केंद्राला मात्र ती झेपत नाही, आणि अशा अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या प्रादेशिक नेटवर्कचं खरं काम इथेच सुरू होतं.

ही कल्पना जुनी आहे. 1985 साली स्वीडनमधल्या वेमडालेन या छोट्या गावात पहिलं टेलिसेंटर सुरू झालं असं मानतात. केंद्रांना एकमेकांशी जोडलं पाहिजे हे पुढे अनेकांच्या लक्षात आलं. 2005 मध्ये ट्युनिसच्या जागतिक माहिती समाज परिषदेच्या वेळी टेलिसेंटर डॉट ऑर्ग हा उपक्रम सुरू झाला, तो अशा नेटवर्कना बळ देण्यासाठीच. युरोपातल्या केंद्रांच्या नेटवर्कने 2017 मध्ये ‘ऑल डिजिटल’ हे नाव घेतलं आणि डिजिटल कौशल्यांवर भर दिला. धोरणं ठरवायला, सरकारांशी बोलायला असे मोठे मंच हवेतच. पण बंद पडलेला संगणक दुरुस्त करायला त्यांचा उपयोग नाही. त्यासाठी लहान परिघाचं नेटवर्क लागतं: साधारण 20 ते 30 केंद्रं आणि मध्ये असं एक ठिकाण, जिथून तंत्रज्ञ सकाळी निघून काम उरकून त्याच दिवशी परत येईल. परिघ याहून मोठा झाला की प्रवासातच महिना जातो.

सुट्या भागांचं गणित मांडून बघा. समजा 25 केंद्रं आहेत आणि प्रत्येक ठिकाणी संगणकाचा पॉवर सप्लाय दोन वर्षांतून एकदा जळतो. म्हणजे सगळीकडे मिळून वर्षाला बारा-तेरा, महिन्याला साधारण एक. नवीन मागवून यायला महिना लागत असेल, तर मध्यवर्ती कपाटात तीन-चार ठेवले तरी ते क्वचितच कमी पडतील. प्रत्येक केंद्राने स्वतःचा एक ठेवायचा म्हटलं तर 25 लागतात. म्हणून प्रत्यक्षात कोणीच ठेवत नाही आणि केंद्र महिनाभर बंद राहतं. अडॅप्टर, राउटर, कीबोर्ड, प्रिंटरचे कागद ओढणारे रबरी रोलर, एखादी एसएसडी (संगणकातली माहिती साठवणारी डिस्क), हे सगळं याच हिशेबाने ठेवायचं.

पण हा हिशेब जमतो तो यंत्रं सारखी असतील तरच. संगणकाची दोन मॉडेल, प्रिंटरचं एक, राउटरचं एक, असं नेटवर्कने ठरवून टाकावं. दान म्हणून आलेले आठ प्रकारचे संगणक वाटून टाकणं हा मोठा घोळ आहे, कारण एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही. दान घ्यायचं असेल तर एकाच मॉडेलचे दहा घ्यावेत, आठ चालवावेत आणि दोन सुट्या भागांसाठी ठेवावेत. यंत्रं सारखी असली की आणखी एक फायदा मिळतो. क्लोनझिला या सॉफ्टवेअरने एकदा तयार केलेली डिस्कची प्रतिमा, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल, पेनड्राइव्हवर नेऊन बिघडलेला संगणक तासाभरात पूर्ववत करता येतो. मात्र नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान नको, नाहीतर प्रतिमा उतरत नाही.

आता ज्ञानाची देवाणघेवाण. या नावाखाली सहसा एक पोर्टल उभं राहतं, त्यावर मोठाले पीडीएफ चढतात आणि ते उघडायला कोणी फिरकत नाही. केंद्रचालकाला हवं असतं आत्ता समोर दिसणाऱ्या बिघाडाचं उत्तर, त्याच्या भाषेत, एका पानात. म्हणून नेटवर्कचा पाया बिघाड-नोंदवही हा असावा. तिच्यात पाच रकाने पुरतात: तारीख, यंत्राचं मॉडेल, काय दिसलं, काय करून पाहिलं, शेवटी कशाने चाललं. चौथा रकाना लोक रिकामा सोडतात, पण इतरांचा वेळ तोच वाचवतो.

चालक लिहायला कंटाळतात, आणि ते स्वाभाविक आहे, कारण समोर माणसं ताटकळत असतात. त्यांना बोलून पाठवू द्या. व्हॉट्सॲपवर एका मिनिटाचा आवाजी निरोप पुरे. दर आठवड्याला तो ऐकून नोंदवहीत उतरवणारा माणूस मात्र नेटवर्कने पगार देऊन नेमायला हवा. नुसता ग्रुप काढला की सहा महिन्यांपूर्वीचं नेमकं उत्तर शुभेच्छांच्या ढिगाखाली जातं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो.

नोंदीतून एकपानी टिपण कसं व्हावं, याचं उदाहरण. लक्षण: ‘इंटरनेट आहे, पण कुठलीच साइट उघडत नाही, सुरक्षिततेचा इशारा येतो.’ चालक राउटर बदलतो, ब्राउझर नव्याने टाकतो, इंटरनेट कंपनीला फोन करतो. कारण बहुतेकदा मदरबोर्डवरच्या सीआर2032 या नाण्याएवढ्या सेलमध्ये असतं. तो संपला की वीज गेल्यावर संगणकाचं घड्याळ जुन्या तारखेवर जातं, आणि त्या तारखेला साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं वैध ठरत नाहीत. उपाय: आधी तारीख बघा. ती चुकली असेल तर दुरुस्त करा आणि सेल बदला. एवढंच. अशी चाळीस टिपणं तयार झाली की रोजच्या अडचणींतल्या बऱ्याचशा तंत्रज्ञाला न बोलावताच सुटतात.

बॅटरीसाठी वेगळं टिपण लागतं, कारण तिथे पैसा सगळ्यात जास्त वाया जातो. 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंग आणि लोड (तिच्यावर चालणारी यंत्रं) दोन्ही काढून काही तास ठेवा आणि मग मल्टिमीटरने मोजा. 12.6 ते 12.7 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी. रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर मरते. उतरलेल्या अवस्थेत आठवडाभर पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्ज नीट धरत नाही. पाणी फक्त डिस्टिल्ड, तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर घालायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं. अपवाद एकच: प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घालायचं. प्रत्येक केंद्राने महिन्याचं एक माप नेटवर्कला कळवलं तर कुठली बॅटरी बसणार हे आधीच दिसतं.

इंटरनेट मंद असलेल्या केंद्रांना सामग्री डिस्कवर पोचवावी. किविक्स या सॉफ्टवेअरवर विकिपीडियासकट बरंच काही इंटरनेटशिवाय चालतं. दर तिमाहीला मध्यवर्ती ठिकाणी एकदाच डाउनलोड करून डिस्क फिरवता येते. इथे हमखास अडतं ते एका जागी: फाइल कॉपी होत नाही, ‘जागा पुरत नाही’ असं काहीतरी दिसतं, आणि डिस्क तर रिकामी असते. डिस्क फॅट32 या जुन्या साठवण-पद्धतीत फॉरमॅट केलेली असते, तिच्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. डिस्कवरचं काही जपायचं असेल तर ते आधी बाजूला काढून ती एक्सफॅट या पद्धतीत फॉरमॅट करावी.

माणसांच्या बाबतीत मी वर्गातल्या प्रशिक्षणापेक्षा अदलाबदलीच्या बाजूने आहे. एका चालकाने दुसऱ्याच्या केंद्रात दोन दिवस प्रत्यक्ष काउंटरवर बसावं. रांग कशी लावतात, ज्येष्ठांना कसं समजावतात, काम संपल्यावर लोकांच्या कागदपत्रांची स्कॅन डेस्कटॉपवरून कधी पुसतात, हे बघूनच कळतं. स्कॅन पुसण्याबाबत तर सगळ्या केंद्रांचा एकच नियम हवा: दिवस संपायच्या आत, रिसायकल बिनसकट.

पैशाचं गाडं मात्र वारंवार अडतं. देणगीदार यंत्रं देतात, तंत्रज्ञाचा पगार देत नाहीत. प्रकल्प संपला की सगळ्यात आधी तोच जातो आणि त्याच्याबरोबर नोंदवहीही थांबते. म्हणून तंत्रज्ञ आणि नोंदवही सांभाळणारा, या दोघांचा खर्च केंद्रांच्या वर्गणीतून निघालाच पाहिजे. वर्गणी सरसकट सारखी न ठेवता उत्पन्नाच्या टक्केवारीत घ्यावी, म्हणजे लहान केंद्र बाहेर पडत नाही. ज्याने त्या महिन्याची बिघाड-नोंद आणि बॅटरीचं माप पाठवलं, त्याला सुटा भाग आधी मिळावा. बाहेरचा निधी आला तर तो कपाट भरायला आणि डिस्क घ्यायला वापरावा, पगाराला लावू नये. हा नियम पहिल्याच बैठकीत लेखी करून सगळ्या केंद्रांच्या सह्या घ्याव्यात, कारण निधी हातात आल्यावर तो मान्य करून घेणं फार कठीण जातं.