चेंबर गाडणाऱ्यांनो, एकदा तुम्हीच लाइन शोधून दाखवा

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना ड्रेनेजच्या चेंबरवरून सरळ ब्लॉक फिरवणाऱ्याला नेमकं काय मिळतं? झाकण चार इंच वर घ्यायला विटांचा एक थर आणि घमेलंभर मसाला पुरतो. तेवढंही न करता झाकणावर ग्रिट अंथरायची, ब्लॉक ठोकायचे आणि ‘बघा साहेब, कसं एकसारखं दिसतंय’ म्हणून पैसे घेऊन चालतं व्हायचं. मग भर जुलैत न्हाणी ट्रॅपच्या जाळीतून पाणी उलटं वर येतं आणि घरमालक ब्रेकर लावून अख्खं अंगण फोडत बसतो.

घरमालकही काही कमी नाहीत. कुणी चेंबरवर तुळशीवृंदावन बांधतं, कुणी स्वयंपाकघर चार फूट पुढे ओढून ओट्याखाली चेंबर घेतं. का, तर झाकण वाईट दिसतं. अहो, वर फरशी बसवता येईल अशी खोलगट झाकणं बाजारात मिळतात!

लाइन शोधायला मंजूर नकाशा काढून बसू नका. त्यातली तुटक रेघ फाइल पास होण्यापुरती असते. प्रत्यक्षात खाली काळा पाषाण लागला की मिस्त्री लाइन वळवतो आणि ते वळण कुठल्याच कागदावर येत नाही. नियमाने प्रत्येक वळणावर, दुसरी लाइन येऊन मिळते त्या प्रत्येक जोडावर आणि उतार बदलतो तिथे चेंबर हवं. असतं कुठे? एक संडासामागे, एक गेटपाशी. मधलं सगळं देवाच्या हवाली.

‘लाइन सरळच असणार’ म्हणत दिसेल तिथे तुंबलेला पाइप मोकळा करायची स्प्रिंग घालणारे प्लंबर तर वेगळंच प्रकरण. स्प्रिंग आत गेली म्हणजे पाइप आहे, एवढंच कळतं. तो जातो कुठे, ते कसं कळणार?

ते कळायला बादली लागते. आधी सापडतील तेवढी झाकणं उघडा. घरातले सगळे नळ बंद, वॉशिंग मशीन बंद, वरच्या मजल्यावर कुणी अंघोळीला बसणार नाही याची खात्री. मग एका वेळी एकच जागा: संडास, मग मोरी, मग सिंक. 15–20 लिटर पाणी एकदम ओता. नुसत्या फ्लशचं पाणी लांबच्या चेंबरपर्यंत जाईतो इतकं पसरतं की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. दुसरा माणूस चेंबरपाशी उभा राहून कुठल्या तोंडातून पाणी आलं ते खडूने तिथेच लिहील. चांगल्या उताराच्या चार इंची लाइनीत दहा मीटरला साधारण 15–20 सेकंद लागतात. मिनिटभर लागला तर लाइन तुंबली आहे किंवा लांबून फिरून आली आहे.

रंग घालायचाच तर खायचा रंग पाण्यात नीट विरघळवून घाला. पोटॅशियम परमँगनेट सुचवणाऱ्यांना हात जोडून नमस्कार: मैल्याशी गाठ पडली की ते तपकिरी होतं, आणि त्या पाण्यात तपकिरी काय ओळखणार? हळद तर पाण्यात विरघळतच नाही. सेप्टिक टँकच्या पुढची लाइन शोधायला संडासात रंग ओतून शोषखड्ड्यापाशी वाट बघत बसणं हा तर शुद्ध वेडेपणा. टँकमध्ये 20 लिटर गेलं की आधीचं 20 लिटर बाहेर पडतं, तुमचा रंग आतच राहून फिका होतो. टँकच्या पुढच्या लाइनीसाठी रंग टँकच्या बाहेरच्या तोंडाशी घाला.

आता मोजमाप. इथेच सगळे आळस करतात. चार इंची पाइपला 1:40 उतार, सहा इंचीला 1:60. म्हणजे दोन चेंबर आठ मीटरवर असतील तर चार इंचीचा तळ 20 सेंटिमीटर उतरायला हवा. खोली झाकणापासून मोजून वजाबाकी करू नका, अंगण स्वतःच उतरतं असतं; मिस्त्रीची पाण्याची नळी लावून दोन्हीकडे एक पातळी घ्या आणि तिथून तळ मोजा. उतार 45 सेंटिमीटर निघाला तर मध्ये गाडलेलं चेंबर किंवा मोठा फेरा असण्याची शंका घ्या. पाच निघाला तर लाइन सपाट बसवली आहे, नाहीतर तुम्ही ज्याला या लाइनीचं तोंड समजताय ते दुसऱ्याच लाइनीचं आहे. आणखी एक खूण: एका चेंबरमधून चिनी मातीचा जुना पाइप निघतो आणि पुढच्यात पीव्हीसी येतो, म्हणजे मध्ये कुणीतरी हात घातलाय. जोड तिथेच, आणि बहुतेक वेळा मुळंही तिथेच शिरलेली.

गाडलेलं चेंबर शोधायला ताठ रॉड आत घाला. अडला की पाइपच्या तोंडापाशी रॉडवर खूण करा, बाहेर काढून तेवढीच लांबी जमिनीवर आखा आणि त्या टप्प्यात पहारीने ठोका. पोकळ आवाज येतो, किंवा नेमके तिथलेच ब्लॉक खचलेले असतात. मेटल डिटेक्टर भाड्याने आणणाऱ्यांनो, पीव्हीसी त्यात दिसत नाही. मोबाइलला जोडायचा दहा मीटरचा कॅमेरा पहिल्याच काटकोनी बेंडवर मान टाकतो. कॅमेरावाला बोलवायचाच तर ताठ केबलचा आणि टोकाला ट्रान्समीटर असलेला बोलवा, म्हणजे वरून त्याचा सिग्नल पकडणारा लोकेटर फिरवून पाइपची जागा आणि खोली दोन्ही मिळतात. फोनवर आधी विचारून घ्या, नाहीतर तो अंधाराचा व्हिडिओ हातात देऊन पैसे मागेल.

या सगळ्यावर कडी म्हणजे गच्चीचं पाणी गुपचूप मैल्याच्या चेंबरला जोडणारे. 100 चौरस मीटर गच्चीवर तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 5,000 लिटर होतं, आणि ते तुमच्या सेप्टिक टँकमधून जाणार! गच्चीवर दोन बादल्या ओतून कोरड्या दिवसातच हे तपासा.

आणि टँकचं झाकण उघडलं म्हणून कुणाला आत उतरवू नका. आतला वायू काही सेकंदांत माणूस पाडतो, आणि संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं हाताने मैला साफ करवून घेण्याला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. बिडी-काडीही लांब.

नवीन काम काढणार असाल तर कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता चर बुजवण्याआधीच्या फोटोंवर अडवून ठेवा. फोटोत टेप पसरलेला हवा. प्रत्येक चेंबरचं आणि बेंडचं माप घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून घ्या. आंब्याच्या झाडापासून, कुंडीपासून किंवा शेजाऱ्याच्या तारेच्या कुंपणापासून माप देणाऱ्याला पुन्हा टेप धरायला लावा.