‘अनिश्चित’ आलेला रिपोर्ट वाया गेलेला नसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही दोन गोष्टी सुनावल्यात. एक, मुलांच्या मेंदूच्या आजारांवरच्या लेखात आम्ही सगळं खापर आते-मामे लग्नांवर फोडलं. तुमच्या घरात तीन पिढ्या अशाच सोयरिकी झाल्या आणि पोरं धडधाकट आहेत. दुसरी जास्त जिव्हारी लागणारी. आत्याच्या घरी दिलेल्या तुमच्या बहिणीची मुलगी चार वर्षांची झाली तरी बोलत नाही, तिला झटके येतात. मिरजेत रक्त दिलं, एक्सोमला (जीनमधले प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचणाऱ्या तपासणीला) पैसे घातले आणि रिपोर्ट आला ‘अनिश्चित’. मग हे संशोधन कुणाच्या कामाचं?

पोरं धडधाकट निपजली यात नवल नाही. कुठल्याही जोडप्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोषाची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात त्यात आणखी २-३ टक्क्यांची भर पडते. म्हणजे १०० पैकी ९४ ते ९६ बाळं ठीकच. मात्र नवरा-बायको दोघंही एकाच रिसेसिव्ह आजाराचे (आई आणि वडील दोघांकडून सदोष जीन आला तरच होणाऱ्या आजाराचे) कॅरिअर, म्हणजे स्वतः निरोगी पण एक सदोष प्रत बाळगणारे निघाले, तर प्रत्येक खेपेला २५ टक्के धोका, आधीचं मूल कसंही असो. आणि दोष फक्त नात्यातल्या लग्नाचा नाही, हे तुमचं म्हणणं रास्त आहे. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांपैकी ८१ गटांवर मोजक्या पूर्वजांची छाप फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक दिसली (मोजक्या पूर्वजांतून वाढलेला समाज म्हणून त्यांचं उदाहरण नेहमी देतात). पोटजातीतच सोयरीक करत आलो की नातं ठाऊक नसतानाही तोच सदोष जीन दोन्हीकडून येऊ शकतो.

आता रिपोर्ट. ‘अनिश्चित’ म्हणजे लॅबला जीनमध्ये बदल सापडलाय, पण तोच आजाराचं कारण आहे असं म्हणायला पुरावा अपुरा आहे. याचं मोठं कारण म्हणजे पडताळून पाहायच्या नोंदी बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांच्या आहेत. आपल्याकडे निरुपद्रवी असलेला बदल तिथे कधी दिसलेलाच नसतो. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या सुमारे १०,००० भारतीयांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, ती यासाठीच मोलाची आहे.

तुम्ही टाकलेल्या फोटोत (मुलीचं नाव दिसत होतं, म्हणून तो काढला आहे) लक्षणांच्या रकान्यात फक्त ‘झटके, विकासात विलंब’ लिहिलंय. घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. एक्सोममध्ये हजारो बदल निघतात, त्यांची चाळणी लॅब या रकान्यावरून करते. डोक्याचा घेर किती सेंटीमीटर, पहिला झटका कितव्या महिन्यात, ईईजी आणि एमआरआयचे निष्कर्ष, शिकलेलं काही विसरली का, आई-वडलांचं नातं काय, एवढं सगळं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि लॅबकडे फेरविश्लेषण मागा. त्याला नवीन रक्त लागत नाही.

मग मुलीचे आई, वडील आणि तिचा मोठा भाऊ यांची फक्त त्या एका बदलासाठी तपासणी करा. जांभळ्या बुचाच्या नळीत प्रत्येकी २-३ मिली रक्त पुरतं. आई-वडील दोघं कॅरिअर निघाले म्हणून लगेच ‘सापडलं’ म्हणू नका. आते-मामे जोडप्यात हे शेकडो निरुपद्रवी बदलांबाबतही खरं ठरतं. भावाची नळी जास्त बोलते. त्याच्यातही त्या बदलाच्या दोन प्रती असून तो ठणठणीत असेल, तर संशय बराचसा फिटतो.

कामाचं म्हणाल, तर बायोटिनिडेजची (बायोटिन हे जीवनसत्त्व शरीराला वापरू देणाऱ्या द्रव्याची) कमतरता साध्या रक्ततपासणीत कळते आणि बायोटिन देऊन आवरते. काही लहानग्यांचे झटके फक्त बी६ जीवनसत्त्वाने थांबतात. ड्रॅव्हे सिंड्रोममध्ये (जीनमधल्या बदलाने होणाऱ्या झटक्यांच्या आजारात) कार्बामाझेपिन या झटक्यांवरच्याच औषधाने झटके वाढतात, म्हणून ते टाळावं लागतं. ड्रॅव्हेमागचा जीनमधला बदल तर बहुधा मुलातच नव्याने झालेला असतो, नात्याशी त्याचा संबंध नाही. यातला कुठला आजार आहे हे ओळखायला जीनवरचं संशोधन मदत करतं. यातलं काय तपासायचं ते मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका, झटके उसळतात. शिवाय एक्सोममध्ये फ्रॅजाइल एक्स (बौद्धिक वाढ खुंटवणारा एक जनुकीय आजार) दिसत नाही, त्याची वेगळी तपासणी लागते.

बहिणीला पुन्हा दिवस राहिले आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाही. राहिले असतील तर या अनिश्चित बदलावर गर्भाची तपासणी करून गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवू नका. नसतील तर ही फेरतपासणी आधी उरका. कारण पक्कं ठरलं तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल तपासता येतं. पण घरच्यांचे रिपोर्ट यायलाच काही आठवडे जातात.