मागची भिंत उघडीच

केबिनमधला आवाज कमी करून घ्यायला कारागिराकडे दिलेली पिकअप काल संध्याकाळी, तब्बल चार दिवसांनी, ताब्यात मिळाली. मोकळ्या रस्त्याला लागून वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला आणि जी घुमघुम बंद व्हावी म्हणून मी पैसे मोजले होते, तीच घुमघुम डोक्याच्या मागून जशीच्या तशी सुरू झाली. आज सकाळी मागची सीट काढली, तिच्या पाठीमागचे अस्तर सोडवले आणि समोर दिसला तो कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसाच उघडा पत्रा. पत्र्याची थरथर शोषणाऱ्या डॅम्पिंग शीटचा तळहाताएवढाही तुकडा त्यावर नव्हता. बिलावर मात्र 'पूर्ण केबिन' असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले आहे.

लगेच कारागिराला फोन केला, तर पलीकडून उत्तर आले, "साहेब, सुरुवातीला तसं वाटतं. आठ दिवसांत कानाला सवय होईल."

हे वाक्य सकाळपासून माझ्या डोक्यातून जात नाही. सवय करून घेण्यासाठी कोणी आपली गाडी चार दिवस कारागिराच्या स्वाधीन करत नाही. माझी तक्रार पत्र्याची होती, कानाची नव्हती. गाडी देताना मी त्यांना जागा दाखवली होती, बोटाच्या पेराने त्या भिंतीवर टकटक करून तिचा 'ढण्ण' असा लांबत जाणारा आवाज ऐकवला होता आणि त्यांनी मान डोलावली होती. मान डोलावून झाल्यावर ज्याने ती सीट खोललीच नाही, त्याने माझ्या कानांना दोष द्यावा, हे मला सहन होत नाही. जास्त खोदून विचारले तेव्हा कळले की मागच्या सीटचे बोल्ट काढायला फार वेळ जातो, म्हणून 'तेवढा भाग' राहिला. मी ज्या एका भागासाठी तिथे गेलो होतो, नेमका तोच तेवढा भाग!

पिकअप चालवणाऱ्यांना ही भिंत ठाऊक असते. मोटारीला मागे डिकी असते, तिच्यात गादी असते, सामान असते. आपल्याकडे पाठीमागे एक सपाट, मोठा, एकेरी पत्रा आणि त्यापलीकडे थेट सामानाचा हौदा. मागच्या टायरांची घरघर, हौदा आणि केबिन यांच्यामधल्या फटीत भोवंडणारा वारा, चेसिसमधून वर येणारी थरथर, हे सगळे त्याच पत्र्यावर येऊन आदळते आणि तो ढोलाच्या कातड्यासारखा वाजतो. बऱ्याच पिकअपमध्ये केबिनमधली हवा बाहेर पडावी म्हणून त्याच भिंतीत रबरी पडद्यांची झडप असते. ती बुजवता येत नाही, पण तिच्याभोवती आवाज शोषणारा फोम विचारपूर्वक लावता येतो. त्यासाठी आधी सीट तर काढायला हवी.

याउलट जमिनीवर आणि दरवाज्यांत त्यांनी हीच चंदेरी डॅम्पिंग शीट कडेपासून कडेपर्यंत, एक बोटभर जागा न सोडता लावली आहे. ब्युटाइल रबर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली ही शीट आवाज अडवत नाही. ती पत्र्याचे कंपन शोषून त्याचे वाजणे थांबवते आणि त्यासाठी सपाट पत्र्याचा चौथा हिस्सा नीट, रोलरने दाबून झाकला तरी बहुतेक काम होते. जमिनीचा पत्रा मुळातच घड्या आणि उठावांमुळे ताठ असतो. तिथे दुप्पट शीट ओतली आणि जो पत्रा खरोखर वाजतो तो सोडून दिला, कारण जमिनीचे आणि दरवाज्यांचे चकचकीत फोटो ग्राहकाला दाखवता येतात. त्यांनी मलाही ते दाखवले होते आणि ते पाहून मी काल समाधानाने गाडीत बसलो, याचा राग वेगळाच आहे.

हवेतून येणारा आवाज अडवायचा तर वजन लागते आणि सलगपणा लागतो. साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा प्रति चौरस मीटर ६ किलोच्या आसपास भरतो आणि वजन दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने जास्त अडतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणूनच ५ किलो प्रति चौरस मीटर वजनाचे मास लोडेड व्हिनाइल, म्हणजे जड, लवचीक चादर, खाली बंद पेशींचा फोम घालून, पत्र्यापासून अलगद अंथरायचे असते. आणि भिंत कितीही जड केली, तरी तिच्या क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा उघडी राहिली, तर ती २० डेसिबलच्या वर काही अडवूच शकत नाही. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीतून, वायर जाते तिथला निसटलेला ग्रोमेट (रबरी कडे) किंवा दरवाज्याच्या कडेचे चेपलेले रबरी बीडिंग यांकडे एकाही कारागिराने माझ्यादेखत वाकून पाहिलेले नाही. तरीही प्रत्येकाच्या पाटीवर 'साउंडप्रूफ' हा शब्द असतो. मला या शब्दाची चीड आहे. गाडी साउंडप्रूफ होत नसते, आवाज कमी होतो, आणि तोही एकेका आवाजाचा माग काढला तरच.

यापूर्वी एकाने मला घराच्या छतावर घालायचा डांबरी पट्टा दरवाज्यात चिकटवून दिला होता. उन्हाळ्यात तो ओघळला, दरवाज्याच्या तळाशी गोळा झाला आणि केबिनमध्ये कित्येक महिने डांबराचा वास भरून राहिला. दुसऱ्याने खाचखळग्यांचा उघड्या पेशींचा स्पंज भरला, ज्याने पाणी धरून ठेवले आणि बुरशी आणली. तिसरा फुगणारा फोम गाडीच्या पोकळ खांबांत मारायला निघाला होता. पाणी निथळण्याच्या वाटा बुजून आतून गंज चढतो, हे त्याला मीच सांगायचे का? आणि कालच्या मंडळींनी उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवून मोबाइलवर डेसिबल दाखवले. अशा मोजणीत बहुधा ए-वेटिंग, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार केलेली दुरुस्ती, लावलेले असते, ज्यात १०० हर्ट्झचा, म्हणजे घुमघुमीसारख्या खालच्या पट्टीचा आवाज सुमारे १९ डेसिबलने कमी मोजला जातो. म्हणजे माझे डोके दुखवणारी घुमघुम त्या आकड्यात जवळजवळ येतच नाही, आणि ती उभ्या गाडीत होतही नाही.

हे लिहिता लिहिता उठून दरवाजाही तपासला. ब्रेक मारल्यावर काल डाव्या बाजूने पाणी हिंदकळल्यासारखे वाटले होते, ते खरेच निघाले. दरवाज्याच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके त्यांनी शीटखाली गाडून टाकली आहेत आणि काच खाली होते तिथून झिरपलेले पाणी आत साठले आहे. डोअर पॅडच्या, म्हणजे दरवाज्याच्या आतल्या आच्छादनाच्या, मागचे मूळ प्लॅस्टिक फाडून परत लावलेलेच नाही, त्यामुळे तेच पाणी आता पॅडमध्ये मुरते आहे. मला शांतता हवी होती. त्यांनी माझ्या दरवाज्याला गंजाची सोय करून दिली आहे.

भोके मी चाकूने मोकळी केली, ब्युटाइल बोटांना चिकटले आणि फॉइलच्या धारेने अंगठा कापला. मागची सीट मी मुद्दाम परत बसवलेली नाही. उद्या गाडी तशीच, उघड्या भिंतीनिशी घेऊन जाणार आहे. मालकाला आत बसवीन, त्याच भिंतीवर पुन्हा टकटक करीन, आणि ती माझ्यासमोर पूर्ण झाल्याखेरीज तिथून हलणार नाही.