चार आकड्यांचा रिपोर्ट : एका निवृत्त अभियंत्याच्या प्रतिक्रियेला उत्तर

अभियंतासाहेब, नमस्कार.

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव न घालता नुसतं ‘निवृत्त अभियंता, मलनिस्सारण’ एवढंच लिहिलंय, म्हणून हे संबोधन. रागावून लिहिलंत, पण मुद्द्याला धरून लिहिलंत. त्यामुळे ‘मताबद्दल आभार’ म्हणून निसटणं बरं दिसलं नसतं. उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या महिन्यात मी ‘भाजीच्या मुळाशी विष’ असा एक लेख टाकला होता. शहराचं शुद्ध केलेलं मैलापाणी कालव्याने शेतीला जातं, केंद्रातला वाळलेला गाळ ट्रॉलीने खत म्हणून रानात पडतो, आणि या दोन्हींत नेमकं काय काय आहे हे आपण तपासत नाही, असं त्यात म्हटलं होतं. साहेबांचं म्हणणं असं की पाणी नियमित तपासलं जातं आणि मानकांत बसतं. मी अमेरिकेतली भुतं इथे आणून नाचवतोय. ज्या रसायनांचा मी बाऊ करतो ती इतकी नगण्य असतात की ती सापडली यात कौतुक यंत्राचं, धोका कुठे सिद्ध होतो? आणि शेवटचा प्रश्न, जो मला खरंच लागला : ‘उद्या तुमचा लेख वाचून व्यापाऱ्याने कालव्याकाठच्या कोथिंबिरीचा भाव पाडला, तर नुकसान तुम्ही भरून देणार का?’

आधी माझी चूक कबूल करतो. ‘अमेरिकेत गाळात ३५२ विषारी रसायनं सापडली’ असं मी लिहिलं होतं. ते चूक आहे. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, अंतर्गत तपासनिसांनी २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की गाळात आढळलेल्या ३५२ प्रदूषकांबाबत ती सुरक्षित आहेत की नाहीत हे ठरवायला ईपीएकडे पुरेशी माहिती किंवा साधनंच नाहीत. त्यांतली ६१ इतर सरकारी याद्यांत धोकादायक किंवा प्राधान्याची म्हणून आधीच नोंदलेली होती. बाकीची विषारी आहेत असं कुणी म्हटलेलं नाही. ‘माहीत नाही’चं मी ‘विषारी’ करून टाकलं. शीर्षकही त्याच घाईतलं. आज बदललंय.

पण साहेब, हीच घाई उलट्या दिशेने तुमच्याकडूनही होतेय. तुम्ही ‘माहीत नाही’चं ‘सुरक्षित’ करताय.

‘मानकांत बसतं’ म्हणजे काय, ते बघू. तुम्हाला पाठ आहे, बाकीच्यांसाठी लिहितो. मैलाशुद्धीकरण केंद्रांसाठी केंद्र सरकारची २०१७ ची अधिसूचना आहे. तिच्यात चार गोष्टी आहेत : सामू, बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), तरंगते घन पदार्थ आणि विष्ठेतले कॉलिफॉर्म जिवाणू. २०१९ मध्ये हरित लवादाने हे निकष कडक केले आणि सीओडी (तीच ऑक्सिजनची गरज, पण रसायनाने मोजलेली), नायट्रोजन, फॉस्फरस हेही सांगितले. झाले सात. कारखान्याचं पाणी, इस्पितळाचं पाणी, केसांचा कलप, फरशी पुसायचं औषध, गॅरेजमधलं ऑइल, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं जे काही शरीरातून बाहेर येतं ते, असं सगळं एका पाइपात येतं. आणि आपण विचारतो सात प्रश्न.

मी एका केंद्राच्या प्रयोगशाळेत अर्धा दिवस काढला होता. तिथल्या केमिस्टबाईंनी बीओडीच्या बाटल्या दाखवल्या. तीनशे मिलीलीटरची काचेची बाटली, घासून बसवलेलं काचेचं बूच, आत हवेचा बुडबुडाही राहता कामा नये. ती २७ अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवायची. आधी किती ऑक्सिजन विरघळलेला होता आणि नंतर किती उरला, त्यावरून जिवाणूंनी किती घाण खाल्ली ते कळतं. काय सुंदर चाचणी आहे! शंभर वर्षांहून जास्त काळ टिकली ती उगाच नाही. बाई बाटल्या उजेडाकडे धरून बुडबुडा शोधत होत्या, अगदी सोनार खडा बघतो तशा. मी विचारलं, ‘जे जिवाणू खातच नाहीत, ते यात कसं दिसणार?’ त्या म्हणाल्या, ‘दिसणार नाही. त्यासाठी ही बाटलीच नाही.’

माझा सगळा लेख त्या एका उत्तरात होता. मीच तो पाल्हाळ लावून बिघडवला.

पीफास नावाची जी रसायनं आहेत, न चिकटणाऱ्या तव्यांत, पाणी न शोषणाऱ्या कापडांत, आग विझवायच्या फेसात वापरलेली, ती जिवाणू खात नाहीत. कार्बन आणि फ्लोरिनची गाठ त्यांच्याने सुटत नाही. कधीकधी तर केंद्रात येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर जाणाऱ्या पाण्यात ती जास्त मोजली जातात. कारण वाटेत मोठे रेणू तुटून त्यांचीच ही पिल्लं तयार होतात. बीओडी मात्र झकास येतो. म्हणजे तुमचा रिपोर्टही खरा आणि माझी शंकाही खरी.

आता ‘नगण्य’. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफासची मर्यादा प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) ठरवली. २५ लाख लिटरच्या जलतरण तलावात हे १० मिलिग्रॅम होतात, चिमटीत धरायलाही कमी. तेव्हा नगण्य हा शब्द मला मान्य आहे. पण ही रसायनं एकदा अंगात गेली की रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला काही वर्षं लागतात. रोजचं नगण्य साठत जातं.

आणि अमेरिकेची भुतं नकोत म्हणता, तर आपल्या डोक्यावरून उडणारं घ्या. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात हजारातलं एखादं उरलं. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, लोक तर्क करत होते. २००४ मध्ये कारण कळलं : गुरांना वेदनेसाठी दिलेलं डायक्लोफेनॅक. आपण पाठ धरली की जे मलम चोळतो, तेच औषध. माणसाला चालतं, गुराला चालतं, गिधाडाचं मूत्रपिंड निकामी करतं. बाजारात आणताना गिधाडावर चाचणी कोण घेणार होतं? यात कुणाची लबाडी नव्हती. प्रश्नच सुचला नव्हता. जनावरांसाठी त्यावर बंदी आली ती २००६ मध्ये. गंमत म्हणजे हेच डायक्लोफेनॅक मैलापाण्यात जगभर सापडतं. स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक केंद्रांना ओझोन नाहीतर सक्रिय कोळशाचा जादा टप्पा जोडायला लावलाय. तो नीट चालतो का हे ज्या बारा खुणेच्या पदार्थांवरून बघतात त्यांत हे आहे. बघा, हजारो रसायनं तपासा असं तेही म्हणत नाहीत. बारा बघतात.

हैदराबादजवळच्या पाटनचेरूचंही सांगतो. औषध कारखान्यांच्या सामाईक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. या औषधाचा डोस घेतलेल्या रोग्याच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त. तुम्ही म्हणाल, ते कारखान्यांचं केंद्र, शहराचं नव्हे. मान्य. पण पुढे काय झालं? २०२० च्या सरकारी मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या गळाल्या. नियमच नाही तर तपासायचं कशाला, आणि तपासलं नाही तर नियम कशाच्या आधारावर करायचा? हे चक्र तुम्ही नोकरीत माझ्याहून जवळून पाहिलं असणार.

गाळाकडे येतो, कारण मला पाण्यापेक्षा त्याचीच जास्त काळजी आहे. केंद्राचं काम म्हणजे पाण्यातलं गाळात आणणं. पाणी जितकं निवळेल तितका ऐवज गाळात बसणार. आपल्याकडे सोनखत हा जुना शब्द आहे, आणि तो मला आवडतो. पण त्या काळी खड्ड्यात माणसाच्या पोटातून आलेलंच पडत होतं.

माझ्या मामेभावाने गेल्या वर्षी एका केंद्रातून दोन ट्रॉल्या गाळ आणला. काळाभोर, भुसभुशीत, मातीसारखा वास. वाफ्यांवर चांगला वाळवलेला. मधेच दोन शांपूच्या पुड्या आणि इअरबडच्या काड्या. मी रिपोर्ट मागायला लावला. आला : सामू, ओलावा, सेंद्रिय कर्ब, एनपीके. धातूंचं पानच नव्हतं. शहरी कंपोस्ट खत म्हणून विकायचं तर खत नियंत्रण आदेशात आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, तांबं, पारा, निकेल, शिसं, जस्त अशा आठ धातूंच्या मर्यादा आहेत. पण ट्रॉलीने फुकट उचलून नेलेल्याला खत म्हणायचं की राडारोडा? अहमदाबादला पिराणामध्ये कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी रोज १०० टन वाळका गाळ निर्जंतुक करायचा प्रकल्प आहे. तंत्र आपल्या भाभा केंद्राचं. जंतू मरतात, आणि तेही काही कमी काम नव्हे. पण किरणांनी शिशाचं काही होत नाही.

आता तुमचा कोथिंबिरीचा प्रश्न. तो मी दोन दिवस टाळत होतो.

अमेरिकेत मेन राज्यातल्या अरंडेल गावात एका दुग्धव्यवसायिकाने १९८० च्या दशकापासून २००४ पर्यंत रानात गाळ टाकला होता. सरकारमान्य, कागदोपत्री स्वच्छ. तेव्हाच्या नियमाने जे तपासायचं ते तपासलेलं. आजही १९९३ च्या त्यांच्या नियमात रासायनिक बाजूने नऊ धातूच आहेत. २०१६ मध्ये शेजारच्या सार्वजनिक विहिरीच्या पाण्यात पीफास निघालं, माग काढत लोक त्याच्या गोठ्यापर्यंत आले. गाळ मातीत, मातीतून गवतात, गवतातून दुधात. धंदा बसला. त्याने काय चूक केली होती? उलट सरकारने ‘हे चांगलं खत आहे’ म्हणून जे सांगितलं तेच केलं.

म्हणजे तुमचं खरं आहे. ज्याचं तपासलं तो बुडतो, ज्याचं तपासलं नाही तो विकतो. अशा व्यवस्थेत कुठला शेतकरी आपली माती नेऊन देईल? माझ्या लेखात याचा एक शब्दही नव्हता, ही शीर्षकापेक्षा मोठी चूक. मेनने २०२२ मध्ये गाळ शेतात टाकायला बंदी घातली आणि त्याच वर्षी बाधित शेतकऱ्यांसाठी ६ कोटी डॉलरचा निधी ठेवला. निधीचं मला पटतं. बंदीचं तितकंसं नाही. २०२३ च्या सुरुवातीला तिथे गाळ कुठे टाकायचा हाच प्रश्न पडला आणि तो ट्रकने कॅनडात न्यावा लागला.

पण ‘शेतकऱ्याचं नुकसान’ म्हणताना आणखी एक बघा. ईपीएने जानेवारी २०२५ मध्ये गाळातल्या पीएफओए, पीएफओएसबद्दल जो मसुदा काढला, त्यात धोका मोजलाय तो त्या शेतावर राहणाऱ्यांचा आणि तिथलंच रोज खाणाऱ्यांचा. आपल्याच विहिरीचं पाणी, आपल्याच गोठ्यातलं दूध. मंडईतून आठवड्याला एक जुडी नेणाऱ्या माझ्यासारख्याचा नंबर फार नंतर लागतो. तेव्हा गप्प बसून आपण वाचवतोय कुणाला?

आपल्या पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा विहिरीतून, उचललेलं शुद्ध केलेलं मैलापाणी बेबी कालव्याने हवेली-दौंडकडे जातं. वर्षाला साडेसहा टीएमसी द्यायचं ठरलंय. तिकडचा माणूस ऊस घेतो, आणि उसात काय उतरणार, असं तुम्ही लिहिलंत. पीफास साधारणपणे दाण्यात-फळात कमी आणि पानात जास्त जातं. उसाचं वाढं कुठे जातं, साहेब? गुरांपुढेच ना? इथे तसं होतंय असं मी म्हणत नाहीये. कुणी बघितलंय का, एवढंच विचारतोय. आणि कालवा बंद करा असं मी मूळ लेखातही म्हटलं नव्हतं. त्या पाण्यावाचून तिकडे उन्हाळ्यात काय होतं ते मामेभावाकडून मला ऐकायला मिळतं.

अमेरिकेतल्याच मिशिगन राज्याचा रस्ता मला जास्त पटतो. २०१८ पासून त्यांनी केंद्रांना उलटं चालायला लावलं, केंद्रापासून मागे, चेंबर-चेंबर बघत, हे येतंय कुठून. बऱ्याच ठिकाणी माग क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यांपाशी थांबला. क्रोमच्या टाकीतून उडणारी वाफ कामगारांच्या फुप्फुसात जाऊ नये म्हणून वर फेसाचा थर ठेवायचे आणि त्या फेसात पीएफओएस. कामगार वाचवायला आणलेली गोष्ट गटारातून शेतात. मग त्या कारखान्यांच्या तोंडाशी कोळशाचे फिल्टर बसवले आणि केंद्रातलं प्रमाण धाडकन खाली आलं. त्यासाठी शेतकऱ्याच्या कोथिंबिरीला हात लावावा लागला नाही.

म्हणून तुमच्याकडे एक काम आहे. एकतीस वर्षं काढली म्हणता. कुठल्या औद्योगिक वसाहतीची लाइन कुठल्या चेंबरला येऊन मिळते, रात्री कुठे रंग बदलतो, कुठे वास येतो, हे नकाशावर नसलं तरी तुम्हाला पाठ असणार. आपल्याकडे वाहनांच्या कारखान्यांभोवती प्लेटिंगची लहान वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. वर्षातून दोनदा नमुने घ्यायचे झाले तर पहिली दहा चेंबरं कुठली धरायची, ते लिहा. खाली प्रतिक्रियेत नको असेल तर ब्लॉगच्या पत्त्यावर मेल करा. तुमच्या परवानगीने, पुन्हा नावाशिवाय, इथे छापेन.

मामेभावाची दुसरी ट्रॉली बांधाला ताडपत्रीखाली तशीच पडून आहे. कांद्याला टाकू का म्हणून कालही फोन आला होता. मी त्याला म्हटलं, साहेबांचं उत्तर येईपर्यंत थांब.