आई आहेत का?

सिंहगड रोडवरचा आमचा फ्लॅट गेल्या वर्षी घेतला. मूळ मालक दीड वर्षापूर्वी वारलेले, मृत्युपत्र नाही. नॉमिनी त्यांच्या पत्नी, सोसायटीने त्यांना सभासद करून घेतलेलं. मुलगा-मुलगी दोघंही सह्यांना तयार. "मॅडम, कागद एकदम क्लिअर, टोकन देऊन टाका," एजंट म्हणाला. आम्ही देणारच होतो.

फाईल चाळून झाल्यावर आमच्या वकीलबाईंनी एकच विचारलं, "गेलेल्या गृहस्थांच्या आई आहेत का?"

होत्या. भोरकडच्या गावात, धाकट्या मुलाजवळ.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली यांच्या बरोबरीने आईही पहिल्या वर्गातली वारस असते. (वडील त्या वर्गात नाहीत, हे मला तेव्हा कळलं.) म्हणजे चौघं वारस आणि आजींचा चौथा हिस्सा. नॉमिनी काही मालक नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यातच लिहिलंय की खरे वारस ठरेपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. तरी अजून घरोघरी "नॉमिनेशन केलंय ना, मग झालं" असंच म्हणतात.

एजंटकडे उपाय तयारच होता. "आजींकडून हक्कसोडपत्र करून घेऊ. पाचशे रुपयांचा तर स्टॅम्प!"

मला याचाच राग आला, अजूनही येतो. म्हातारीने हक्क सोडायचा हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. घर विकतोय हेसुद्धा तिला कुणी सांगितलं नव्हतं. सुनेच्या मनात पाप नव्हतं. सासूचा हिस्सा असतो हेच तिला माहीत नव्हतं. पण घेणाऱ्याने "तो त्यांचा घरगुती मामला" म्हणून अंग काढून घ्यायचं, हे मला पटत नाही. पैसे आपण देणार, घरात आपण राहणार, मग विचारायचं कुणी? आणि न विचारता घेतलं असतं तरी तिचा हिस्सा तिचाच राहिला असता. उद्या ती किंवा तिच्या मागे तिचे वारस वाटणीचा दावा घेऊन दारात उभे राहिले असते.

सुनेला घेऊन आम्ही गावी गेलो. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बुकिंगच्या वेळी दोन म्हशी इकून पैसं दिलं हुतं म्या त्याला." सून मान खाली घालून बसली. मग तीच म्हणाली, "आत्या, तुमचा वाटा तुम्ही घ्या."

अडीच महिने जास्त लागले. त्यात आजींचं पॅनकार्ड काढायलाच तीन आठवडे. भाडं भरत राहिलो, बँकेला मुदत मागितली. एजंट फोन करून करून थकला.

खरेदीखतावर विकणारे म्हणून चौघांची नावं आली. रजिस्ट्रार ऑफिसात आजींचा अंगठा मशीन घेईना. शेतात राबून रेषाच झिजलेल्या. ऑपरेटरने ओल्या फडक्याने बोट पुसलं, पुन्हा दाबलं, पुन्हा पुसलं. चौथ्यांदा उमटला.

त्यांच्या नावाचा डिमांड ड्राफ्ट मी त्यांच्या हातात दिला. धाकट्याने तो घ्यायला हात पुढे केला. आजींनी त्याच्याकडे बघितलं आणि ड्राफ्ट आपल्या कापडी पिशवीत ठेवला.